गवत, वणवा आणि डोंगरवाट

बीबी हे लोणार तालुक्यातले गाव. नागपूर-मुंबईच्या जुन्या रस्त्यावरचे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून लांबच्या मोटारी त्या मार्गाने जाऊ लागल्या, पण मेहकर आणि सिंदखेडराजा यांच्यामधली माणसे अजून याच रस्त्याने ये-जा करतात. इथला मुलूख पठारी. कपाशी, तूर आणि हल्ली सोयाबीन यांचा. डोंगर बघायचा म्हटला तर मेहकर, चिखली करीत बुलढाणा गाठावे आणि खामगावच्या रस्त्याला लागावे. अजिंठ्याची डोंगररांग तिथे आडवी आली आहे. बोथ्याचा घाट, ज्ञानगंगेचे खोरे आणि सागाचे, सालईचे, अंजनाचे, पळसाचे ते रान हे आपल्या जिल्ह्याचे वैभवच म्हणायला हवे. पावसाळा सरताना या डोंगरांच्या कडेच्या पायवाटांनी जो हिंडला असेल त्याला कमरेइतके वाढलेले गवत आठवत असेल. मारवेल, पवन्या, कुसळी अशी त्यांची नावे. वाऱ्याची झुळूक आली की सबंध उतार एका बाजूला कलतो आणि पुन्हा सरळ होतो.

हेच डोंगर फाल्गुन-चैत्रात बघायला गेलेला माणूस पुष्कळदा निराश होऊन परततो. उतारच्या उतार काळा पडलेला असतो. पायाखाली राख, हवेत करपट वास, आणि उभ्या झाडांच्या खोडांवर काजळी. "यंदा वणव्यानं सगळं खाल्लं, बघण्यासारखं काही राहिलं नाही," असे म्हणून मंडळी गाडीत बसतात. माझे सांगणे असे आहे की अशा वेळी लगेच माघारी फिरू नये. बहरलेली वाट डोळ्यांना सुख देते, तर जळलेली वाट पुष्कळ काही सांगते. तिच्यात वऱ्हाडाचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाचायला फार मोठी विद्या लागत नाही.

प्रथम डोळ्यांनी काय दिसते ते पाहू. आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीलगत चालतो. तो झाडांच्या शेंड्यांवरून धावत नाही, तर वाळलेले गवत आणि पाचोळा खात पुढे सरकतो. त्यामुळे मोठे झाड सहसा मरत नाही. सागाची साल जाड असते, पळस आणि तेंदू मुळापासून पुन्हा फुटतात. मरतात ती त्या साली उगवलेली कोवळी रोपे. पाच-सात वर्षे सारखी आग लागत गेली तर रानात म्हातारी झाडे राहतात, तरणी दिसत नाहीत. माणसे नोकरीसाठी निघून गेलेल्या गावात जसे फक्त आजे-आज्या उरतात, तसे ते रान होते. जमिनीवर घरटे करणारे तितर, लावे यांची अंडी जातात. सरडे, साप, कासवे यांना पळायला वेळ मिळत नाही. मग मृगाचा पहिला जोरदार पाऊस येतो, आणि झाकण नसलेली माती राखेसकट वाहून जाते. या डोंगरांच्या उत्तर उतारावरची माती पूर्णेतून तापीला मिळते, आणि दक्षिणेकडची काही पैनगंगेच्या वाटेने थेट गोदावरीकडे जाते. एका डोंगराचे नुकसान दोन समुद्रांकडे वाहते, असा हा प्रकार.

आता खोडांवरची काजळी नीट पाहा. ती सगळीकडे सारख्या उंचीची नसते. आग ज्या बाजूने आली त्या बाजूला डाग खाली असतो, आणि जिकडे गेली त्या बाजूला ज्वाळा खोडाला वेढून वर चढलेल्या असतात. पाच-दहा झाडे पाहिली की वणवा कुठून आला आणि कुठे गेला हे समजते. आग चढावर झपाट्याने जाते आणि उतारावर रेंगाळते, हेही ध्यानात येते. एखाद्या ठिकाणी काळ्या राखेत पांढऱ्या राखेचा लांब पट्टा दिसतो. तिथे वाळलेले खोड पडलेले होते, ते पूर्ण जळून गेले.

आणि शेवटी आग कुठे थांबली ते पाहावे. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच जागा. पुष्कळदा ती एखाद्या पायवाटेशी थांबलेली आढळते. वाटेच्या एका अंगाला कोळसा, दुसऱ्या अंगाला पिवळे गवत जसेच्या तसे. कुठे ती गाडीरस्त्याशी थांबते, कुठे वनखात्याने काढलेल्या जाळरेषेशी. उन्हाळ्याच्या आधी गवताचा एक पट्टा मुद्दाम जाळून मोकळा ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. आणि कुठे आग थांबते ती गवत कापून नेलेल्या तुकड्याशी. खायला काही उरले नाही की ती उपाशी मरते. म्हणजे वणव्याचा सगळा हिशेब गवताचा हिशेब आहे. गवत कुणाचे, ते कुणी कापायचे, आणि न कापता उभे राहिले तर त्याचे काय करायचे? या तीन प्रश्नांवर आपल्या प्रांतात कायदे झाले, सत्याग्रह झाला आणि माणसे तुरुंगात गेली.

कुणी विचारील, आग लागते तरी कशी? बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते अशी एक समजूत सर्वत्र आहे. काही देशांत विजेने रान पेटते हे खरे. परंतु आपल्याकडची वीज बहुधा पावसाबरोबर येते, आणि वणवा पेटतो तो कोरड्या दिवसांत. तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक वणव्यांमागे माणसाचा हात असतो. पेरणीपूर्वी शेतकरी धुरे पेटवतो, वारा सुटतो आणि आग रानात शिरते. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून कुणी झाडाखालचा पाचोळा पेटवतो. तेंदूला कोवळी पाने जोमाने फुटावीत म्हणून कुणी आग लावतो. गुरांना हिरवा लुसलुशीत चारा लवकर मिळावा म्हणून गुराखी काडी ओढतो. आणि कित्येकदा यांतले काहीच नसते, फेकलेले विडीचे थोटूक पुरेसे होते. गुराख्याचा समज अगदीच खोटा नाही. जळलेल्या जागी पहिल्या पावसाने हिरवे कोंब लवकर दिसतात. पण दरसाल आग लागली तर गुरांना आवडणारे चांगले गवत मागे पडते आणि कुसळी माजते. तिची कुसळे जनावरांच्या तोंडात रुततात. चाऱ्यासाठी लावलेली आग अखेर चाराच बिघडवते.

आता इतिहासाकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले. पुढे मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरा करीत आगगाडी निघाली आणि १८६७ साली नागपूरला पोचली. रुळांखाली घालायला लाकडाचे स्लीपर हवे होते, आणि त्यासाठी साग हवा होता. रान ही सरकारला एकाएकी मोलाची वस्तू वाटू लागली. १८६४ मध्ये वनखात्याची स्थापना झाली आणि डिट्रिच ब्रांडिस हे जर्मन गृहस्थ त्याचे पहिले इन्स्पेक्टर जनरल झाले. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला, आणि १८७८ मध्ये दुसरा, अधिक कडक. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच राहिल्याने इथले नियम निराळे काढावे लागले, परंतु साचा तोच होता. रानाच्या हद्दी आखल्या गेल्या. हद्दीच्या आत गुरे घालणे, गवत कापणे, पाचोळा आणणे, विस्तव पेटवणे यांपैकी बरेच काही परवान्याचे किंवा गुन्ह्याचे झाले.

त्या काळच्या वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने आग हा रानाचा पहिला शत्रू. युरोपातल्या थंड, ओल्या रानांत त्यांचे शिक्षण झालेले; तिथे आग लागणे म्हणजे कुणाचा तरी दुष्टपणा किंवा गलथानपणा. मध्य प्रांतात पिअर्सन नावाच्या अधिकाऱ्याने १८६० नंतरच्या दशकात सातपुड्यातले बोरीचे रान आगीपासून राखून दाखवले. ही गोष्ट तेव्हा मोठी मानली गेली, कारण इथले रान आगीवाचून राखता येईल असे फारसे कुणाला वाटत नव्हते. जाळरेषा आखणे, उन्हाळाभर राखणदार ठेवणे, आग लावणाऱ्याला दंड करणे ही पद्धत सर्वत्र पसरली. त्यात काम झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आजचे कित्येक सागाचे जंगल त्या राखणीमुळे टिकले. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशातल्या सागाच्या रानांत आणि इतरत्रही काही अधिकाऱ्यांना उलटा अनुभव येऊ लागला. आग पूर्ण बंद केली की खाली झाडोरा आणि पाचोळा साठत जातो, सागाची नवी रोपे मार खातात, आणि एखाद्या वर्षी आग लागली की आवरत नाही. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला, गवत अर्धवट ओले असताना थोडे थोडे जाळून टाकण्याची रीत पुढे आली. डोंगरातल्या माणसांना हे आधीपासून थोडेफार ठाऊक होते. ते जाणते होते म्हणून त्यांना कुणी विचारले मात्र नाही.

या कायद्यांत एक बारीक कलम आहे, ते मुद्दाम सांगण्याजोगे आहे. १९२७ च्या भारतीय वनकायद्याचे कलम २६ राखीव रानात आग लावणे, गुरे घालणे वगैरे गोष्टी गुन्हा ठरवते. आणि कलम ७९ असे सांगते की ज्यांना रानात काही हक्क किंवा परवानगी आहे, त्यांनी रानाला आग लागल्याचे कळताच खबर दिली पाहिजे आणि विझवायला हातभार लावला पाहिजे. म्हणजे गवत सरकारचे आणि आग गावाची, अशी ती वाटणी झाली. मदत करू नये असे मी म्हणत नाही. आग लागली तर सगळ्यांनी धावायलाच हवे. पण ज्या उतारावरची पेंढी आणली म्हणून मागच्या महिन्यात दंड झाला, तोच उतार वाचवायला माणूस मध्यरात्री मनापासून धावेल का, हा प्रश्न कायदा लिहिणारांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी तो विचारला होता. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मधल्या ग्रंथात जंगलखात्यावर त्यांनी जो कोरडा ओढला आहे, तो वाचण्यासारखा आहे. डोंगर, गायराने, पडीक जमिनी सगळ्या या खात्याने घेरल्या, आणि गरिबाच्या शेरडा-करडांना तोंड घालायला जागा उरली नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे शोधताना त्यांनी रानाच्या कुंपणावर बोट ठेवले.

त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी हाच प्रश्न वऱ्हाडात रस्त्यावर आला. १९३० साल. गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याकडे दहिहंड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्याचे मीठ करून लोकांनी कायदा मोडला, पण पावसाळा आला आणि ते काम थांबले. मग वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनी शोधून काढला तो जंगलचा कायदा. मिठासारखीच घरोघरची वस्तू म्हणजे गवत. ज्याच्या दारात बैल आहे त्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १० जुलै १९३० रोजी लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव रानात शिरून गवत कापले आणि अटक करून घेतली. पाठोपाठ यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा असे चारही जिल्हे या चळवळीत उतरले. विळा हे हत्यार, पेंढी हा गुन्हा. इतके साधे आंदोलन क्वचितच झाले असेल. पुसदचे ते गवत आणि बोथ्याच्या घाटातले गवत निराळे नाही. जळलेल्या उताराकडे पाहताना हे आठवले म्हणजे कळते की आपल्या आजे-पणज्यांना हे गवत कापण्यासाठी तुरुंगात जावे लागले होते. आणि आज ते कापायला फारसे कुणी येत नाही, म्हणून जळते आहे.

स्वातंत्र्य आले. कायदा १९२७ चाच राहिला. ज्ञानगंगेच्या खोऱ्यातले सुमारे २०५ चौरस किलोमीटर रान १९९७ मध्ये अभयारण्य झाले. इथे मात्र प्रश्नाला एक नवी बाजू येते, आणि ती न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरणा वाघ २०१९ च्या जूनमध्ये घर सोडून निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळली. शेते, नाले, रस्ते ओलांडीत, तेलंगणाच्या हद्दीत डोकावून, सुमारे तेराशे किलोमीटर चालून तो डिसेंबरमध्ये आपल्या ज्ञानगंगेत येऊन पोचला. कपाशीच्या मुलखातून इतके चालत आलेल्या त्या पाहुण्याला इथे काय मिळाले? नीलगाय आणि रानडुक्कर मिळाले, आणि लपायला उंच गवत मिळाले. तेव्हा सगळे गवत कापून टाका, म्हणजे वणवा लागणार नाही, असे म्हणता येत नाही. जे आगीचे सरपण, तेच हरणाचे घर आणि वाघाचा आडोसा. कुठले कापायचे, कुठले राखायचे आणि मधून मोकळा पट्टा कुठे ठेवायचा, हे दर उतारागणिक ठरवावे लागते. त्यासाठी तो उतार रोज पाहणारा माणूस लागतो.

तसा माणूस आहे. त्याला वनखात्याच्या बोलीत अंगारी म्हणतात. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. त्या चार महिन्यांसाठी गावातल्याच माणसांना रोजंदारीवर घेतात. २००४ पासून डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेला उपग्रहावरून आगीची ठिकाणे कळू लागली. आता तर उपग्रहाने पाहिलेली आग थोड्या वेळात वनरक्षकाच्या मोबाईलवर येते. हे खरोखर कौतुकाचे आहे. पण उपग्रह आग पाहतो, विझवत नाही. विझवायला अंगारीच डोंगर चढतो. पाचोळा उडवणारे यंत्र मिळाले तर पाठीवर, नाही तर हातात ओल्या डहाळ्या. कधी वणव्याच्या पुढे जाऊन उलट आग लावावी लागते, दोन्ही आगी एकमेकींना भेटून विझाव्यात म्हणून. वाऱ्याने दिशा बदलली तर हाच डाव अंगावर येतो. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या रानात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर मृत्युमुखी पडले, दोघे गंभीर भाजले. रोजंदारीवरची ती गावातलीच माणसे होती. कलम ७९ कागदावर सोपे दिसते. त्याची खरी किंमत अशी.

फिरायला जाणारांनीही हे ध्यानात ठेवावे. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात हौसेने पायी हिंडणाऱ्या मंडळींना वणव्याने गाठले. गवताळ उतार, जोराचा वारा आणि वाट ठाऊक नसलेली माणसे. वीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. आग चढावर झपाट्याने जाते असे वर म्हटले, त्याचा अर्थ हा. वणवा दिसला तर डोंगराच्या माथ्याकडे धावू नये, चढाच्या दिशेने तर नाहीच. जळून गेलेली काळी जागा, नांगरलेले शेत, रुंद रस्ता किंवा नाल्याचे खडकाळ पात्र गाठावे. आणि अभयारण्याच्या आत शिरायचे तर परवानगीने, वनरक्षकाच्या सांगण्याप्रमाणेच.

मग या गोष्टीला उपाय काय? उपाय नवा नाही. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. गावाच्या परंपरेतले रान राखण्याचा आणि त्यातली गौण उपज घेण्याचा गावाचा हक्क त्याने मान्य केला. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाला असा सामूहिक हक्क मिळाला. अमरावती जिल्ह्यात मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या ग्रामसभेला २०१२ मध्ये उजाड झालेल्या रानावर हक्क मिळाला. त्यांनी चराईला शिस्त लावली, माती-पाणी अडवले, सीताफळे विकली, आणि २०१४ मध्ये त्या गावाच्या कामाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. ज्या रानातले सीताफळ आपले, त्या रानात काडी कुणी ओढत नाही. आणि ओढली तर शेजारीच त्याचा हात धरतो. सगळीकडे हेच जमेल असे नाही. अभयारण्यात नियम निराळे, वाघाची गरज निराळी. पण कडेच्या उतारांवर, गावाच्या शिवारालगत, आग जिथून रानात शिरते नेमक्या त्याच पट्ट्यात, विळ्याला पुन्हा मान देता येईल. गवत वेळेवर कापून नेले, बैलांना मिळाले, गंजी रचली गेली, धुरा पेटवताना दोन माणसे पाणी घेऊन उभी राहिली, तर अंगाऱ्याचे अर्धे काम हलके होईल.

बीबीहून किंवा आणखी कुठून या डोंगरांकडे जाणाऱ्यांनी म्हणूनच जळलेल्या वाटेला टाळू नये. आगपेटी मात्र घरी ठेवून जावे. खोडावरची काजळी पाहून वणवा गावाकडून रानात गेला की रानातून गावाकडे आला ते ताडून पाहावे. भेटेल त्या अंगाऱ्याशी दोन शब्द बोलावे. त्याच्या पायात काय आहे आणि त्याची मजुरी वेळेवर मिळाली का, हे विचारायला संकोच करू नये. आणि आग जिथे थांबली ती जागा शोधून काढावी. ती पायवाट असेल, तर कुणाच्या पायांनी ती मोकळी राहिली आहे. आणि ती कापलेली कड असेल, तर ते गवत कुणी नेले, हे जवळच्या गावात जाऊन विचारून यावे.